पट्टिताश्मातील काळे-पांढरे पट्टे: ते थर आहेत का, आणि खानदेशात हा खडक कोठे सापडेल?

यावलचे मास्तर

सर्वांना नमस्कार. माध्यमिक शाळेत भूगोल शिकवत असल्यामुळे खडकांचे तीन प्रकार दरवर्षी शिकवावे लागतात. अग्निज खडकाची अडचण येत नाही, कारण तो आमच्या पायाखालीच आहे. गाळाच्या खडकांसाठी घरोघरची शहाबादी फरशी दाखवता येते. रूपांतरित खडकांपाशी मात्र गाडी अडते. ग्रॅनाइटपासून नाइस, चुनखडकापासून संगमरवर, शेलपासून स्लेट अशा जोड्या मुले पाठ करतात आणि परीक्षेत बरोबर लिहितात. यंदा शाळेच्या संग्रहात नाइसचा, म्हणजे पट्टिताश्माचा, एक चांगला नमुना आला. तो हाताळताना नववीतील एका मुलीने विचारले, की ग्रॅनाइटमध्ये काळे आणि पांढरे कण सगळीकडे सारखे मिसळलेले असतात, तर मग ते पुन्हा निवडून वेगवेगळ्या पट्ट्यांत बसवले कोणी?

'उष्णता आणि दाब' एवढे उत्तर या प्रश्नाला पुरत नाही. दाबाने वस्तू चपटी होईल हे समजते. परंतु मिसळलेल्या वस्तू वेगळ्या का व्हाव्यात? जाणकारांनी कृपया हे उलगडून सांगावे. त्याबरोबरच या खडकात नेमकी कोणती खनिजे असतात आणि जळगाव, धुळे किंवा नंदुरबार जिल्ह्यांत सहलीला नेऊन दाखवता येईल असा नाइस कोठे आहे का, हेही कळल्यास उपकार होतील.

गिरणाथडी

मास्तर, त्या मुलीला माझ्यातर्फे शाबासकी द्या. पट्ट्यांच्या उगमावर भूवैज्ञानिकांनी पुष्कळ वाद घातलेले आहेत आणि त्यातून निघालेला निष्कर्ष असा, की सर्व पट्टे एकाच रीतीने बनत नाहीत. मी महाविद्यालयात हा विषय बरीच वर्षे शिकवला आहे, तेव्हा थोडे सविस्तर लिहितो; लांबण लागली तर सांभाळून घ्यावे.

आधी परिस्थिती समजून घेऊ. पृथ्वीच्या कवचात खाली जावे तसे तापमान दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअसने वाढते, आणि दाब दर साडेतीन किलोमीटरला सुमारे एक किलोबारने, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जवळजवळ हजार पट इतक्याने, वाढत जातो. दोन खंड एकमेकांवर आदळून पर्वत उभे राहतात तेव्हा भूपृष्ठाजवळचे खडक पंधरा-वीस किंवा त्याहून अधिक किलोमीटर खोल दाबले जातात. तेथे तापमान ६०० अंशांच्या पुढे जाते. नाइस हा सामान्यपणे अशा उच्च दर्जाच्या रूपांतरणाचा खडक आहे. हे सर्व घडत असताना खडक बहुतांशी घन अवस्थेतच असतो, हे मुलांना आवर्जून सांगा, कारण खडक वितळून पुन्हा थिजला आणि थिजताना पट्टे पडले, असा समज फार जणांचा असतो.

आता दाबाविषयी. खोलीमुळे येणारा दाब सर्व बाजूंनी सारखा असतो. तो खडकाला घट्ट करतो, पण दिशा देत नाही. दिशा देतो तो पर्वतनिर्मितीच्या वेळचा एकांगी ताण, जो एका दिशेने दाबतो आणि दुसऱ्या दिशेने खडकाला सरकू किंवा ताणू देतो. अभ्रकासारखी पत्र्यासारखी खनिजे अशा ताणाखाली दाबाच्या दिशेशी काटकोनात वळतात, आणि नव्याने वाढणारे अभ्रकाचे पत्रेही त्याच प्रतलात वाढतात. इथपर्यंत जे मिळते त्याला पत्रण म्हणता येईल. काळा-पांढरा भेद अजून आलेला नाही.

भेद येण्याचा पहिला मार्ग असा. कणांच्या सांध्यांत अतिशय थोडे पाणी असते. ज्या पृष्ठावर ताण जास्त आहे तेथे क्वार्ट्झ त्या पाण्यात विरघळतो आणि जेथे ताण कमी आहे तेथे जाऊन पुन्हा स्फटिकरूपात बसतो. हा प्रवास काही मिलिमीटरांचा, फार तर काही सेंटिमीटरांचा असतो, परंतु त्यासाठी लाखो वर्षे उपलब्ध असतात. अभ्रक मात्र फारसे विरघळत नाही. त्यामुळे खडकात बारीक चुण्या पडल्या असतील, तर चुणीच्या बाजूंवरून क्वार्ट्झ निघून जातो व तेथे अभ्रक उरते, आणि चुणीच्या वळणापाशी क्वार्ट्झ साचतो. अभ्रकाने भरलेला पट्टा कमजोर असल्यामुळे पुढची सरक त्याच पट्ट्यातून होते, सरक झाली की तेथून आणखी क्वार्ट्झ जातो, आणि एकदा सुरू झालेला भेद असा स्वतःच वाढत राहतो. निवडण्याचे काम कोणी केले, या तुमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे हे एक उत्तर आहे: ताणातील फरकाने आणि खनिजांच्या विरघळण्यातील फरकाने.

दुसरा मार्ग निव्वळ ताणल्या जाण्याचा. आपल्याकडे मांडे करताना उंड्याच्या पोटातील पुरणाचा गोळा हातावर फिरवता फिरवता पातळ होत सगळ्या मांड्यात पसरतो, तसे ग्रॅनाइटमधील तीन सेंटिमीटरांचा फेल्स्पारचा स्फटिक किंवा काळ्या खनिजांचा एखादा पुंजका प्रचंड सरकेखाली ताणला जाऊन लांबच लांब पट्टी होऊन बसतो. येथे काही निवडले गेलेले नसते. आधीपासून जेथे जे होते तेच पसरलेले असते. फेल्स्पारचे स्फटिक पूर्ण ताणले गेले नाहीत, तर ते डोळ्यांच्या आकाराचे राहतात आणि काळे पट्टे त्यांना वळसा घालून जातात. असा नेत्राकार फेल्स्पारचा नाइस तुमच्या संग्रहात मिळाला, तर मुलांना सरकेची दिशासुद्धा दाखवता येते.

तिसरा मार्ग अंशतः वितळण्याचा. पाणी उपलब्ध असेल तर क्वार्ट्झ आणि फेल्स्पार यांचे मिश्रण ६५० ते ७०० अंशांच्या आसपास वितळू लागते, पण काळी खनिजे त्या तापमानाला घनच राहतात. वितळलेला फिकट द्रव पत्रणाच्या वाटेने सरकतो आणि काळ्या उरलेल्या भागाच्या शेजारी पांढऱ्या शिरांच्या रूपाने थिजतो. अशा मिश्र खडकाला मिग्मटाइट म्हणतात. हे नाव फिनलंडचे भूवैज्ञानिक सेडरहोल्म यांनी १९०७ मध्ये दिले. म्हणजे 'नाइस वितळत नाही' हे वाक्यही सरसकट खरे नाही. त्याची वरची सीमा वितळण्याला भिडलेली आहे.

खनिजांविषयी उद्या लिहितो.

चिकित्सक

उत्तम विवेचन, परंतु एक शंका आहे. नाइस केवळ ग्रॅनाइटपासून बनत नाही. शेल, वाळूमिश्रित चिखल असल्या गाळाच्या खडकांपासूनही बनतो. तसे असेल तर तेथे पट्टे म्हणजे मूळचे थरच मानायला काय हरकत आहे? वाळूच्या थराचा पांढरा पट्टा, चिखलाच्या थराचा काळा पट्टा, इतके साधे स्पष्टीकरण असताना विरघळणे आणि सरकणे यांची गरज कशाला?

गिरणाथडी

शंका योग्य आहे आणि काही ठिकाणी तुमचे स्पष्टीकरण बरोबरही ठरते. गाळाच्या खडकापासून बनलेल्या नाइसला पॅरानाइस आणि अग्निज खडकापासून बनलेल्याला ऑर्थोनाइस म्हणतात. पॅरानाइसमध्ये क्वार्ट्झाइटचा सलग पट्टा, त्याशेजारी सिलिमनाइट आणि गार्नेट असलेला ॲल्युमिनियमयुक्त पट्टा, आणि त्यापलीकडे कॅल्शियमयुक्त खनिजांचा हिरवट पट्टा, असा क्रम मैलोन्‌मैल टिकलेला दिसला, तर त्यामागे मूळ थर आहेत असे मानण्याला आधार असतो. पण नुसते पट्टे दिसले म्हणून थर मानणे धोक्याचे आहे, आणि आपण खानदेशातले लोक या धोक्यात अधिक सहज सापडतो.

सातमाळ्याच्या किंवा सातपुड्याच्या कड्याकडे पाहा. पायऱ्या-पायऱ्यांनी चढत गेलेले आडवे थर दिसतात, आणि ते खरोखरच एकावर एक साचलेले लाव्हाचे थर आहेत: खालचा आधीचा, वरचा नंतरचा. लहानपणापासून डोळ्यांना ही सवय झालेली असल्यामुळे कोणताही पट्टेदार दगड दिसला, की खालचा पट्टा जुना आणि वरचा नवा, असे आपण न कळत धरून चालतो. नाइसमध्ये खालचे-वरचे काही उरत नाही. मूळ थर असलेच तर ते अनेकदा घड्या पडून, त्या घड्याही ताणल्या जाऊन, सरकेच्या दिशेला समांतर झालेले असतात. एकच थर घडीमुळे एकाच नमुन्यात तीनदा दिसू शकतो.

याहून नामी उदाहरण देतो. धुळे-नंदुरबार भागात बेसाल्टच्या थरांना छेदून उभ्या राहिलेल्या डाइकच्या, म्हणजे फटीत शिरून थिजलेल्या लाव्हारसाच्या, भिंती सर्वांनी पाहिलेल्या असतील. साक्रीच्या वाटेवर त्यांच्या काळ्या लांबट टेकड्या दिसतात. समजा, असा एखादा डाइक ग्रॅनाइटमध्ये उभा शिरलेला आहे आणि पुढे कोट्यवधी वर्षांनी तो सर्व भाग खोल जाऊन तीव्र सरकेत सापडला. बेसाल्टचे रूपांतर हॉर्नब्लेंड व प्लॅजिओक्लेज असलेल्या काळ्या ॲम्फिबोलाइटमध्ये होईल, ग्रॅनाइटचे फिकट नाइसमध्ये होईल, आणि सरकेमुळे दोघांमधील कोन कमी कमी होत जाऊन अखेरीस डाइक नाइसच्या पट्ट्यांना पूर्ण समांतर होईल. पाहणाऱ्याला तो पांढऱ्या थरांमध्ये साचलेला काळा थर वाटेल, आणि तो तर मुळात थरांना आडवा छेद देणारा! ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील अतिप्राचीन नाइसमध्ये अमेरालिक नावाने ओळखले जाणारे डाइक नेमके या अवस्थेत आहेत. काही जागी सरक कमी झाली असल्यामुळे तेथे ते अजून तिरके दिसतात, म्हणून खरा प्रकार कळला.

चिकित्सक

डाइकचे उदाहरण पटले. मग हातातील एखाद्या नमुन्यावरून तो पॅरा आहे की ऑर्थो, हे ठरवता येते का?

गिरणाथडी

सिलिमनाइट, कायनाइट, स्टॉरोलाइट किंवा भरपूर गार्नेट-अभ्रक दिसले तर मूळ खडक चिकणमातीचा असण्याची शक्यता मोठी, कारण ग्रॅनाइटमध्ये इतके जादा ॲल्युमिनियम सहसा नसते. एरवी एका तुकड्यावरून ठाम बोलू नये. खडक जेथून आला तेथील नकाशा, रासायनिक पृथक्करण आणि झिरकॉन या खनिजाचे कण पाहावे लागतात.

आता मास्तरांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. फिकट पट्ट्यांत मुख्यतः क्वार्ट्झ आणि फेल्स्पार असतात. क्वार्ट्झ काचेसारखा, राखट, निश्चित आकार नसलेला दिसतो. फेल्स्पारमध्ये सपाट चकाकणारी पृष्ठे दिसतात. गुलाबी असेल तर तो बहुधा पोटॅशयुक्त, म्हणजे ऑर्थोक्लेज किंवा मायक्रोक्लीन, आणि दुधी पांढरा असेल तर बहुधा प्लॅजिओक्लेज. गडद पट्ट्यांत काळे चकचकीत पत्रे दिसले तर ते बायोटाइट हे काळे अभ्रक, आणि काळपट हिरव्या कांड्या दिसल्या तर हॉर्नब्लेंड. यांच्या जोडीला लालसर तपकिरी गोलसर गार्नेट, मस्कोव्हाइट हे रुपेरी अभ्रक आणि रेशमी तंतूंसारखा सिलिमनाइट मूळ खडकाप्रमाणे कमी-अधिक येतात.

येथे एक महत्त्वाची गोष्ट अशी, की खनिजे ही तापमान आणि दाबाची नोंदवही असतात. चिखलाच्या खडकाचे रूपांतर होऊ लागले की प्रथम क्लोराइट, मग बायोटाइट, मग गार्नेट, स्टॉरोलाइट, कायनाइट आणि शेवटी सिलिमनाइट, अशी सूचक खनिजे क्रमाने अवतरतात. हा क्रम जॉर्ज बॅरो यांनी स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात काम करून १८९३ मध्ये मांडला. खडकाची रूपेही त्याच ओघात बदलतात: शेल, स्लेट, फिलाइट, सुभाजा (शिस्ट) आणि मग नाइस. सुभाजाकडून नाइसकडे जाताना मस्कोव्हाइट आणि क्वार्ट्झ यांची प्रक्रिया होऊन पोटॅश फेल्स्पार, सिलिमनाइट आणि पाणी तयार होते. म्हणजे पत्र्यांचे खनिज खर्ची पडते आणि कणीदार खनिज वाढते. सुभाजा हातोडीच्या घावाने पापुद्र्यांत सुटतो आणि नाइस मात्र पट्टे असूनही पट्ट्यांवरून सुटेलच असे नाही, तो आडवाही फुटतो. त्याचे कारण या प्रक्रियेत आहे.

अमळनेर फरशी भांडार

मी दगडाचा व्यापारी आहे, शिक्षण बेताचे आहे, तरी अनुभवाचे दोन शब्द लिहितो. गिरणाथडी नानांनी वर्णन केलेला दगड पाहायला फार लांब जाण्याची गरज नाही. ओट्यासाठी ग्रॅनाइट म्हणून जो माल विकला जातो, त्यातील नागमोडी, लाटा असलेला, पांढऱ्या-राखाडी-गुलाबी पट्ट्यांचा माल हा पुष्कळदा नाइस किंवा मिग्मटाइटच असतो. व्यापारात कठीण आणि चांगली पॉलिश घेणाऱ्या अशा सर्वच दगडांना ग्रॅनाइट म्हणण्याची रीत आहे. अगदी काळा एकरंगी मालही शास्त्राप्रमाणे ग्रॅनाइट नसतो. लाटांचा माल आमच्याकडे मुख्यतः कर्नाटक, आंध्र आणि तमिळनाडूकडून येतो.

कारागिरांना एक गोष्ट नेहमी जाणवते, ती येथे उपयोगी पडेल. ठोकळा पट्ट्यांना आडवा कापला तर फरशीवर स्पष्ट रेघा येतात, आणि पट्ट्यांच्या दिशेने कापला तर त्याच ठोकळ्यातून ढगांसारखी पसरट नक्षी निघते. गिऱ्हाइकाला हे दोन वेगळे दगड वाटतात. पॉलिश करताना काळा पट्टा पांढऱ्याइतका चमकत नाही, आणि अभ्रक जास्त असेल तर तेथे बारीक खड्डे राहतात. असा माल आम्ही ओट्याला देत नाही, पायऱ्यांना वापरतो.

गिरणाथडी

शेठ, बेताचे शिक्षण म्हणता आणि नेमके मर्मावर बोट ठेवता! क्वार्ट्झची कठिणता मोजपट्टीवर ७, फेल्स्पारची ६ आणि बायोटाइटची केवळ अडीच ते तीन. एकाच फरशीत एवढा फरक असेल तर पॉलिश सारखी येणार कशी? मास्तर, हीच चाचणी वर्गात करता येईल. पोलादी चाकूची कठिणता साडेपाचच्या आसपास असते, म्हणून पांढऱ्या पट्ट्यावर त्याने ओरखडा उठत नाही, काळ्या अभ्रकावर मात्र सहज उठतो. पट्टेदार संगमरवराशी गल्लत होत असेल, तर लिंबाचा रस टाकून काही वेळ ठेवावा. संगमरवर कॅल्साइटचा असल्यामुळे त्यावर डाग पडून चमक जाते, नाइसला काही होत नाही. कडप्पा आणि शहाबादी हेही चुनखडकच, त्यामुळे जुन्या ओट्यांवर लिंबू-चिंचेचे डाग का पडत, हे मुलांना घरबसल्या कळेल.

केळीबाग रावेर

धागा आवडीने वाचतो आहे. माझे दोन प्रश्न आहेत. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना काळ्या दगडाच्या मध्ये विटकरी लाल रंगाचे पट्टे दिसतात. तेही याच जातीचे काय? दुसरे असे, की आमच्या तालुक्यात पाण्यासाठी खोल खोल बोअर घेतल्या जातात. इतके खाली गेल्यावर हा नाइस लागतो का?

सातपुडी

दादा, पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी देते, भूशास्त्रात एम.एस्सी. करत आहे. घाटातील लाल पट्टे रूपांतरित खडकाचे नाहीत. लाव्हाचा एक थर थंड झाल्यावर पुढचा थर येईपर्यंत मध्ये काळ गेला, तेवढ्या अवधीत वरच्या भागाची झीज होऊन माती बनली किंवा ज्वालामुखीची राख साचली, आणि त्यावर पुढचा लाव्हा आला. लोहाच्या ऑक्साइडमुळे तिला लाल रंग येतो. तिला रेड बोल म्हणतात. ते खरे थर आहेत, आणि तेथे खालचे जुने, वरचे नवे हा नियम चालतो.

बोअरविषयी सांगायचे, तर रावेर-यावलच्या पट्ट्यात आधी तापीचा जाड गाळ आणि त्याखाली बेसाल्ट असतो. पाण्याच्या बोअरमधून बेसाल्ट पार करून जाण्याची अपेक्षा ठेवू नये. बेसाल्टची जाडी किती असू शकते याचा अंदाज महाराष्ट्रातील दोन वैज्ञानिक विंधन विहिरींवरून येतो. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी येथे घेतलेल्या विहिरीत ३३८ मीटर बेसाल्ट, त्याखाली ८ मीटर गाळाचे खडक आणि मग नाइसचा जुना पाया लागला. कोयना भागात रासाटी येथे हाच पाया लागायला सुमारे ९३३ मीटर बेसाल्ट भेदावा लागला. दोन्ही ठिकाणी बेसाल्टखाली ग्रॅनाइट-नाइसच निघाला, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाची आहे.

आणि मास्तर, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही, म्हणून सांगते. खानदेशात नाइसचा डोंगर नाही, कडा नाही. परंतु नाइस आहे. धुळे परिसरातील राजमाने आणि तळवाडे येथील डाइकमध्ये परक्या खडकांचे पुष्कळ तुकडे अडकलेले आहेत. बेसाल्टचा रस खालून वर येताना वाटेतील जुन्या कवचाच्या भिंतींचे ढलपे तोडून आपल्याबरोबर घेऊन आला आणि ते डाइकमध्ये तसेच थिजले. अशा तुकड्यांना झेनोलिथ म्हणतात. या तुकड्यांच्या अभ्यासावरचा शोधनिबंध २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नाइस, क्वार्ट्झाइट, ग्रॅनाइटी मायलोनाइट, ग्रॅन्युलाइट आणि कार्बोनेट असे नाना प्रकारचे खडक नोंदलेले आहेत. म्हणजे आपल्या बेसाल्टखालचा पाया एकजिनसी नाही, चांगलाच सरमिसळीचा आहे, आणि दक्षिणेकडील धारवाड भागातील प्राचीन खडकांशी त्याचे साम्य दिसते.

चिकित्सक

बेसाल्टचा रस हजार अंशांच्या वर तापलेला असतो, आणि नानांनी लिहिल्याप्रमाणे ग्रॅनाइटी खडक ७०० अंशांच्या आसपास वितळू लागतो. मग हे तुकडे शिल्लक राहिलेच कसे?

सातपुडी

वितळण्यासाठी तापमानाबरोबर वेळही लागतो. डाइक म्हणजे काही मीटर रुंदीची फट. तीत रस झपाट्याने वर चढतो आणि दोन्ही बाजूंचा खडक थंड असल्यामुळे लवकर थिजतो. शिवाय ७०० अंशांचा आकडा पाणी उपलब्ध असतानाचा आहे, कोरड्या नाइसला त्याहून बरेच अधिक तापमान लागते. त्यामुळे तुकड्यांच्या कडा भाजल्यासारख्या होतात, काही कण काठाने वितळतात, तरी आतला पट्टेदारपणा टिकतो. रस एखाद्या मोठ्या कोठीत दीर्घकाळ साचून राहिला असता, तर ते तुकडे बहुधा पचून गेले असते. दोनशेहून अधिक डाइक या भागात नोंदलेले असूनही असे तुकडे विपुल प्रमाणात मोजक्याच डाइकमध्ये मिळतात, ते यामुळे.

सहलीविषयी एक विनंती आहे. तेथे हातोडी चालवू नये. वर्षानुवर्षे नमुने फोडून नेले तर पुढच्यांना दाखवायला काही उरणार नाही; जागेवर पाहावे, छायाचित्रे घ्यावीत आणि जमीनमालकाची परवानगी आधी काढावी.

गिरणाथडी

ताई, फार चांगली माहिती दिलीत. मास्तर, यात एक गमतीचा भाग मुलांना सांगण्याजोगा आहे. सावदा परिसरातील खाणींतून निघणारी झिओलाइटची आणि अपोफिलाइटची स्फटिके जगभरच्या संग्रहालयांत आहेत. ती बेसाल्टच्या पोकळ्यांत गरम पाण्यातून, तुलनेने कमी तापमानाला तयार झाली, आणि रूपांतरणाच्या दर्जांची जी शिडी शास्त्रात मांडतात तिची सर्वांत खालची पायरी झिओलाइटच्या नावानेच ओळखली जाते. नाइस त्या शिडीच्या वरच्या टोकाला आहे. एक टोक सावद्याला आणि दुसरे राजमान्याला, अशी दोन्ही टोके खानदेशात दाखवता येतात; मधल्या पायऱ्यांसाठी मात्र जिल्ह्याबाहेरचे नमुने मागवावे लागतील. महाराष्ट्रातच नाइसचे उघडे खडक पाहायचे तर भंडारा-गोंदियाकडे आमगाव आणि तिरोडी नाइस आहेत, दक्षिणेला सिंधुदुर्गातही आहेत. बंगळुरूला कोणी जाणार असेल तर लालबागेतील टेकडी अवश्य पाहावी. तो द्वीपकल्पीय नाइस सुमारे ३०० कोटी वर्षांचा आहे आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने त्याला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक घोषित केले आहे. त्याच्यापुढे आपला ६.६ कोटी वर्षांचा बेसाल्ट म्हणजे कालचे पोर.

यावलचे मास्तर

सर्वांचे मनापासून आभार. गिरणाथडी नानांचा पहिला प्रतिसाद मी वर्गात वाचून दाखवला. त्यावर दुसऱ्या एका विद्यार्थ्याने विचारले, की झाडाच्या खोडातील वलये मोजतात तसे पट्टे मोजून खडकाचे वय काढता येते का? आणि ३०० कोटी वर्षे म्हणजे ग्रॅनाइट बनला तेव्हापासून, की त्याचा नाइस झाला तेव्हापासून?

सातपुडी

पट्टे मोजून वय निघत नाही. एका पट्ट्याची जाडी मिलिमीटरपासून कित्येक सेंटिमीटरपर्यंत असू शकते आणि ती ताण, सरक आणि मूळ घटकांवर ठरते. वर्षांशी तिचा संबंध नाही.

दुसरा प्रश्न फार नेमका आहे. नाइसमध्ये झिरकॉनचे अतिसूक्ष्म कण असतात. स्फटिक बनताना झिरकॉन युरेनियम सामावून घेतो, शिसे जवळजवळ घेतच नाही. पुढे युरेनियमच्या किरणोत्सर्गी ऱ्हासातून शिसे साचत जाते आणि दोघांच्या प्रमाणावरून वय काढतात. झिरकॉन इतका चिवट असतो, की ग्रॅनाइटचा नाइस होताना तो टिकून राहतो आणि रूपांतरणाच्या वेळी त्याच्याभोवती नवीन कड वाढते. केसाहून थोड्याशाच जाड कणाच्या गाभ्यावर आणि कडेवर वेगवेगळे मोजमाप करता येते. गाभा मूळ ग्रॅनाइटचे वय सांगतो, कड रूपांतरणाचे. कॅनडातील अकास्टा नाइसचे ४०३ कोटी वर्षे हे वय असे झिरकॉनवरूनच काढलेले आहे, आणि ते मूळ अग्निज खडकाचे वय आहे. त्याला पट्टे पडले ते नंतर, आणि एकाहून अधिक वेळा रूपांतरण होऊन. म्हणून मुलांना सांगताना 'खडकाचे वय' असे मोघम न म्हणता कोणत्या घटनेचे वय, ते सांगावे.

अमळनेर फरशी भांडार

मास्तर, ओट्याच्या मापाने फरशी कापल्यावर सिंकच्या जागेचे चौकोनी तुकडे आमच्याकडे पडून असतात. लाटांच्या मालाचे पाच-सहा तुकडे शाळेसाठी बाजूला काढून ठेवतो, मोबदला नको. एकाच ठोकळ्यातून आडवे आणि पट्ट्यांच्या दिशेने कापलेले असे दोन्ही मिळतील का, ते पाहतो.

गिरणाथडी

शेठ, जमल्यास एक बाजू पॉलिश न केलेली, नुसती फोडलेली असू द्या. पॉलिशच्या बाजूवर पट्टे छान दिसतील, पण फेल्स्पारची सपाट चकाकी आणि क्वार्ट्झचा काचेसारखा वाकडातिकडा भंग फोडलेल्या बाजूवरच ओळखता येतो. आणि मास्तर, तुकडा कोणत्या राज्यातून, कोणत्या खाणीतून आला, हे शेठना विचारून त्याच दिवशी मागे रंगाने लिहून ठेवा. नंतर ते कोणालाच आठवत नाही आणि तेवढ्याने नमुन्याची निम्मी किंमत जाते.